वारा नसलेली जागा



आज गीतेचा सहावा अध्याय, श्लोक १९. योग्याचं आवरलेलं मन कसं? वारा नसलेल्या जागी ठेवलेल्या दिव्यासारखं. ज्योत जराही हलत नाही.

हा श्लोक मी माझ्या सोयीने वापरला, हे आधीच कबूल करतो. दोन खोल्यांचं घर. पहाटे जपाला बसलो की दार बंद, कानात हेडफोन, फोन सायलेंट. बाहेर आजी पाण्यासाठी हाक मारते हे मला माहीत असायचं. पण माझ्या हिशेबात ती हाक म्हणजे वारा होता. आजी म्हणजे वारा! लिहितानाही लाज वाटते.

परवा मोबाईलवर एक जुनं चित्र समोर आलं. तुम्हीही पाहिलं असेल, निदान कॅलेंडरवर तरी. एका हातात दिवा आणि दुसऱ्या हाताचा आडोसा ज्योतीला, अशी उभी बाई. म्हैसूरच्या जगनमोहन पॅलेसच्या संग्रहातलं. पुष्कळ लोक ते राजा रविवर्म्यांचं समजतात, पण आहे आपल्या सावंतवाडीच्या सावळाराम हळदणकरांचं, 'ग्लो ऑफ होप', १९४५-४६ च्या सुमाराचं. समोर दिवा धरून उभी राहिली ती त्यांची स्वतःची मुलगी. नाव काय, तर गीता! (२०१८ मध्ये कोल्हापुरात त्या गेल्या, शंभरी ओलांडून.) चित्र जलरंगातलं आहे. जलरंगात उजेड सहसा रंगवत नाहीत, तेवढा कागद कोरा राखतात. रंग एकदा सांडला की तो उजेड गेलाच.

मी बराच वेळ त्या हाताकडेच बघत बसलो. तिने काही दारं-खिडक्या लावून घेतलेल्या दिसत नाहीत. वारा नसलेली जागा तिने स्वतःच्या तळहाताने केलीये, वीतभर. झळ त्याच हाताला लागते. आणि उजेड बोटांतून पाझरतोच, चेहऱ्यावर येतोच. माझ्या बंद दारातून काय पाझरत होतं?

तुम्ही म्हणाल, याच अध्यायात एकांतात बसायला सांगितलंय. बरोबर आहे, १० व्या श्लोकात स्पष्ट आहे आणि मला त्यातून पळवाट काढायची नाही. एकांत लागतोच. पण तसंच पुढे वाचत गेलं की ३२ वा श्लोक येतो: दुसऱ्याचं सुखदुःख जो स्वतःच्या मापाने मोजतो तो योगी श्रेष्ठ. मी १९ वर थांबलो होतो. तहान मला लागली असती तर मी माळ पुरी होईपर्यंत थांबलो असतो का?

आज दार उघडं ठेवलं. तिसऱ्या माळेला हाक आली. उठलो, पाणी दिलं, तिने उशी सरकवायला सांगितली, मग "काय रे, झाला का जप?" म्हणून विचारलं. परत बसलो तेव्हा मोजणी कुठे होती ते आठवेना. पुन्हा पहिल्या मण्यापासून धरली.