धरून ठेवणारा रिले

आज डोळे मिटायचे नाहीत. उघड्या डोळ्यांनी बसायचं आहे.

समोर टेबलावर टर्बाइनच्या कंट्रोल पॅनेलमधला एक जुना बोर्ड आहे. त्याच्यावर ओळीनं रिले बसवलेले आहेत. त्यांतला एकच निवडा. कडेचा घ्या. बाकीचे असू देत.

श्वास घ्या. सावकाश सोडा.

पारदर्शक टोपीतून आत पाहा.

तांब्याच्या तारेची कॉइल. अगदी बारीक तार, वेढ्यावर वेढे. वरचं वार्निश तपकिरी झालं आहे, वर्षानुवर्षांच्या उष्णतेनं.

कॉइलच्या डोक्यावर लोखंडाची पट्टी. पट्टीच्या टोकाशी चांदीच्या मिश्रधातूचा ठिपका. त्याच्यासमोर तसाच दुसरा.

कॉइलमध्ये वीज येते, पट्टी ओढली जाते, ठिपका ठिपक्याला टेकतो. वीज जाते, स्प्रिंग पट्टीला मागं नेते.

टक्.

या एवढ्याशा हालचालीपाशी थोडं थांबा.

आपण तमिळनाडूतल्या कुंभकोणममध्ये आहोत. दुपार आहे. डोक्यावर पंखा फिरतो आहे. तो ऐका.

इथून पूर्वेला, मयिलादुतुरैच्या रस्त्यावर, कुत्तालमला वायूवर चालणारं वीजकेंद्र आहे. सुमारे शंभर मेगावॉटचं, 2003-04 मध्ये सुरू झालेलं. कावेरीच्या खोऱ्यात भाताच्या शेतांखाली, फार खोल, नैसर्गिक वायू आहे. वर पाणी, खाली वायू.

दोन ध्रुवांचं जनित्र मिनिटाला 3000 फेरे घेतं. सेकंदाला 50. देशभरची वीज याच ठेक्यावर चालते. दक्षिणेची ग्रिड आधी आपल्या वेगळ्या ठेक्यात होती. 31 डिसेंबर 2013 ला रायचूर–सोलापूर ही 765 केव्हीची वाहिनी जोडली गेली आणि दोन्ही ठेके एक झाले. कुंभकोणमच्या या पंख्याला आणि सोलापुरातल्या एखाद्या माजघरातल्या पंख्याला आता एकाच ठेक्याची वीज मिळते.

पंखा पुन्हा ऐका. त्या आवाजात कितीतरी टर्बाइनं एकमेकांना धरून फिरताहेत.

श्वास घ्या. सोडा.

आता रिलेकडे परत या.

टर्बाइन थांबवणारा, ट्रिपचा रिले बहुधा उलट्या रीतीनं जोडलेला असतो. सगळं ठीक असतं तेव्हा त्याच्या कॉइलमध्ये वीज असते. पट्टी ओढलेली असते. दिवसभर, रात्रभर, तो धरून असतो. वेग साधारण 110 टक्क्यांवर गेला, तेलाचा दाब पडला, कुठं तार तुटली, तर तो सोडून देतो. व्हॉल्व्हची स्प्रिंग इंधन बंद करते.

धोक्याच्या क्षणी त्याला काहीच करावं लागत नाही. फक्त सोडायचं असतं.

तुमचा हात पाहा. मूठ वळा. धरून ठेवा. हळूहळू बोटं उघडा. सोडण्याला किती कमी बळ लागतं, ते बोटांतच जाणवू द्या.

कधी सोडायचं, हे नियंत्रण प्रणाली ठरवते. जनरल इलेक्ट्रिकची ‘स्पीडट्रॉनिक मार्क 5’ ही अशीच एक प्रणाली 1991 मध्ये आली. तिच्यात आर, एस आणि टी अशी तीन नियंत्रकं असतात. तिघांपैकी दोघांचं जुळलं की तो निर्णय. पण निर्णय कितीही हुशारीनं झाला तरी शेवटी या चांदीच्या ठिपक्यांपर्यंतच यावं लागतं. मला या गोष्टीचं फार अप्रूप आहे.

ठिपक्याकडे पाहा. काळसर झाला आहे का?

हवेतल्या गंधकानं चांदी काळी पडते. इथल्या दमट हवेत लवकर पडते. ऐप्पसी-कार्तिगै या तमिळ महिन्यांच्या पावसात पॅनेलचं दार उघडं राहिलं की आतल्या टर्मिनलवर ओल धरते.

आता कान द्या. बोर्ड पॅनेलबाहेर आहे, टेबलावर आहे. कॉइलला बाहेरून वीज द्या.

टक्.

काढून घ्या.

टक्.

पुन्हा. निरोगी रिलेचा आवाज स्वच्छ आणि एकच असतो. चिकटणारा रिले सुटायला क्षणभर उशीर करतो. तो उशीर मीटरच्या आधी कधीकधी कानाला कळतो.

घाई नको. पुन्हा ऐका.

हा बोर्ड बदलायचा आहे. तसाच नवा बनवणं मात्र आता बंद झालं आहे. कुठल्यातरी गोदामात एखादा पडून असेल, कुठल्या मोडीत निघालेल्या केंद्रातून काढलेला असेल.

कोपऱ्यातला नंबर वाचा. शेवटच्या अक्षरापर्यंत वाचा. पुन्हा वाचा. शेवटचं एक अक्षर बदललं की आतली रचना बदललेली असू शकते.

स्वामीमलै इथून काही किलोमीटरवर आहे. तिथले स्थपती मेणाची मूर्ती घडवतात, तिच्यावर कावेरीची माती लिंपतात. मेण वितळून जातं, त्या जागी धातू ओततात आणि साचा फोडतात. तशी दुसरी मूर्ती होत नाही, व्हायलाही नको असते. या बोर्डाचं नेमकं उलटं आहे. याला अगदी आपल्यासारखाच दुसरा हवा आहे.

दुसरा हाती आला, तर त्यालाही असंच पाहा. पाय आधी कधी सॉकेटात बसले होते का? सोल्डरचा डाग मूळचा आहे की पुन्हा दिलेला? रिलेवर छापलेली तारीख बघा. कॉइलचं व्होल्टेज जुळतं का?

एक श्वास. बघत राहा.

आता जुन्या बोर्डावरचे जंपर पाहा. दोन पिनांवर बसलेलं इवलंसं टोपण. कुणीतरी, यंत्र पहिल्यांदा सुरू करताना, ते इथं बसवलं. का बसवलं, हे कागदावर असेलच असं नाही. बोर्डावर मात्र आहे. खोक्यातून निघालेल्या नव्या बोर्डावर ते नाही. म्हणून वाटतं, नवा शोधायला निघण्याआधी जुन्याजवळ एक अख्खी दुपार बसावं.

प्रत्येक जंपरची जागा वहीत काढा. फोटो घ्या, तरीही हातानं काढा. हात जे काढतो ते डोळ्यांनी पाहिलेलं असतं.

शटडाऊनच्या दिवशी हेच सगळं पॅनेलसमोर उभं राहून करायचं आहे. परमिट झालं आहे. वीज बंद आहे. मीटर शून्य दाखवतो आहे, दुसऱ्यांदा बघा. मनगटाला अर्थिंगचा पट्टा आहे.

पहिली तार. फेरूलवरचा नंबर वाचा, मोठ्यानं वाचा. सोबतीला उभ्या असलेल्या माणसाला तो परत म्हणू द्या. मग स्क्रू सैल करा.

दुसरी तार. पुन्हा तसंच.

सगळ्या तारा लागल्या की सुरू करण्याआधी ट्रिप देऊन बघा. नवा रिले सोडतो का, ते ऐका. प्रत्येकाचं ऐका.

आणि जुना बोर्ड भंगारात टाकू नका. त्यावरचे रिले काढून नवे डागता येतात. तोच पुढचा स्पेअर. त्याला एक चिठ्ठी बांधा. तारीख, पॅनेलचा नंबर आणि कितवा रिले उशिरा सुटत होता, ते लिहा.