कौलारू घर विकणे आहे

रत्नागिरीजवळचं आमचं घर विकायचं ठरलं तेव्हा जाहिरात लिहायचं काम माझ्याकडे आलं. घराण्यात एखाद्याचे चार लेख छापून आले, की लग्नाच्या आमंत्रणापासून दहाव्याच्या पत्रापर्यंत सगळी साहित्यसेवा त्याच्या गळ्यात पडते. मी लिहिलं : ‘शंभर वर्षांचे जुने, नूतनीकरण केलेले, चिरेबंदी कौलारू घर, बारमाही विहीर व हापूसची बारा कलमे यांसह विकणे आहे.’ चुलतभाऊ खूश झाला. दादरची आत्या, वय वर्षं ब्याऐंशी, एवढंच म्हणाली, “शंभर वर्षांचं काय राहिलंय रे त्यात?”

आत्याला प्रश्न विचारून गप्प बसायची खोड आहे. झोप आपली जाते.

मी मनाशी यादी करू लागलो. छप्परावर आधी नळे होते. मग मंगळुरी कौलं आली. बाझल मिशनच्या मंडळींनी १८६५ साली मंगळुरात कौलांचा कारखाना काढला, आणि धर्म फारसा खपला नाही तरी कौलं मात्र सगळ्या कोकणानं शिरोधार्य मानली. आता तीही उतरवून नवी घातलीत. वासे वाळवीनं खाल्ले, तिथं लोखंडी पाइप आले. चोपून सारवलेली जमीन जाऊन शहाबादी फरशी आली, ती जाऊन पाय घसरणाऱ्या टाइल्स आल्या. गोठ्याची ‘गेस्ट रूम’ झाली. ज्या बाळंतिणीच्या खोलीत माझ्या वडिलांसकट पाच भावंडं जन्मली, तिथं आता संडास आहे, तोही परदेशी बैठकीचा. राहता राहिल्या जांभ्याच्या भिंती. जांभ्याचा स्वभाव अस्सल रत्नागिरीकरासारखा. खाणीतून काढताना मऊ, वारा लागला की कडक, आणि आतून भोकं भोकं.

हा आत्याचा प्रश्न ग्रीक लोकांना तिच्या आधी पडला होता. थीसियसचं जहाज अथेन्सवाल्यांनी जपून ठेवलं होतं. फळी कुजली की नवी बसवायची. सगळ्या फळ्या बदलल्यावर जहाज तेच का दुसरं, यावर तिथले विद्वान भांडत, असं प्लूटार्क सांगतो. पुढे सतराव्या शतकात हॉब्स नावाच्या इंग्रजानं त्यात आणखी एक पाचर मारली : काढलेल्या जुन्या फळ्या जमवून कुणी दुसरं जहाज बांधलं, तर खरं कुठलं? हॉब्स कोकणात आला नव्हता, पण आला असता तर त्याची सोय होती. आमची उतरवलेली कौलं खालच्या वाडीतल्या काकींनी गोठ्यासाठी मागून नेली आणि वासे न्हाणीच्या चुलीत गेले. म्हणजे हॉब्सच्या हिशेबानं आमचं वडिलोपार्जित घर निम्मं काकींच्या म्हशीवर आहे आणि निम्म्यावर आम्ही आंघोळी केल्या.

माझं स्वतःचं मत असं, की घर तेच असतं. शरीरातलं काहीबाही रोज बदलत असूनही मी चाळीस वर्षांपूर्वी घेतलेलं कर्ज फेडलंच ना? ‘तो मी नव्हे’ असं बँकेला सांगता येत नाही. मात्र घरात माणसं नांदत असताना एकेक वासा बदलणं वेगळं आणि विकण्यासाठी कुलूप काढून एकदम सगळं बदलणं वेगळं. पहिल्याला डागडुजी म्हणतात, दुसऱ्याला मेकअप. आमच्या घराला कुलूप लागून बरीच वर्षं झाली. थिबा राजाला इंग्रजांनी १८८६ साली रत्नागिरीत आणून ठेवलं. मनाविरुद्ध आलेला माणूस, पण १९१६ साली मरेपर्यंत तीस वर्षं राहिला. आम्ही स्वखुशीचे रत्नागिरीकर. मे महिन्यात आठ दिवस राहिलो, की आंब्याच्या पेट्या बांधून परतीचा रस्ता धरतो. १९९८ साली कोकण रेल्वे पुरी झाली तेव्हा वाटलं, आता जाणं वाढेल. वाढलं ते परत येणं.

असो. गिऱ्हाईक मिळालं. मुंबईचं सज्जन जोडपं. कूळकायद्यामुळे शेतजमीन घ्यायला आधी शेतकरी असावं लागतं. गृहस्थांच्या नावावर घाटावर कुठंशी वडिलांकडून आलेली वीस गुंठे होती, त्यामुळे बारशाला मिळालेल्या सोनसाखळीसारखे ते शेतकरी होते. ‘शंभर वर्षांचं’ या शब्दावर दोघं इतकी भाळली, की चुलतभावानं आकडा तिथल्या तिथं वाढवला. सगळं जमत आलं आणि विहीर आडवी आली.

रत्नागिरीत पाऊस तीन हजार मिलिमीटरच्या वर पडतो आणि एप्रिल-मेमध्ये वाड्यांना पाणी नसतं. जांभ्यातून ते खाली निघून जातं. आमच्या विहिरीला मात्र बारमाही झरा. खालच्या वाडीतली चार घरं उन्हाळ्यात आमच्याकडून पाणी नेतात. काकींच्या सासऱ्यांना आजोबांनी शब्द दिला होता : झरा आहे तोवर न्या. कागद नाही, स्टॅम्प नाही. गृहस्थ विनयानं म्हणाले, “विहीर आमची झाल्यावर बाहेरची वर्दळ नको.”

मी वकिलांकडे गेलो. म्हटलं, साठ-सत्तर वर्षांची वहिवाट आहे. त्यांनी १८८२ चा ईझमेंट ॲक्ट काढला. वीस वर्षं उघडपणे, अखंड, आपला हक्क म्हणून पाणी नेलं असतं तर हक्क शाबीत झाला असता. पण ही मंडळी परवानगीनं नेत होती ना? मग ती फक्त मालकाची मर्जी. नवा मालक तिला बांधील नाही. म्हणजे पाहा, आजोबांची परवानगी न मागता, गडगा ओलांडून, छाती पुढे काढून पाणी नेलं असतं तर काकी आज हक्कदार झाल्या असत्या. रीतसर विचारलं, इथंच चुकलं! सभ्यपणाला कायद्यात कलम नाही असं नव्हे. आहे, पण ते विरुद्ध बाजूनं आहे.

चुलतभाऊ म्हणाला, “शब्द आजोबांचा. ते गेले, संपलं.”

तेव्हा आत्याच्या प्रश्नाचा उपयोग मला कळला. मी म्हटलं, “अरे, घर नवं असेल तर शंभर वर्षांचे म्हणून वाढवलेले पैसे परत कर. आणि जुनं असेल, तर त्याच्याबरोबर आजोबांचा शब्दही आलाच. वासा बदलला तरी घर तेच, मग माणूस बदलला म्हणून शब्द कसा बदलेल? जुनेपणाची किंमत घ्यायची आणि जुनी देणी नाकारायची, याला व्यापार म्हणत असतील, पण घर विकणं म्हणत नाहीत.” बोललो खरा, पण मनात आलं, आठ वाटेकऱ्यांतला एक मी. वाढीव पैशांत माझाही हिस्सा होता, आणि विहीर आडवी येईपर्यंत मला त्याचं काहीच वाटलं नव्हतं.

काकींना सांगायला गेलो. त्या आमच्याच कौलांखाली शेण गोळा करत होत्या. सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, “घर विका हो भाऊ. पण विहीर उपसायची कुणी, तेवढं त्यांना विचारा. दर वर्षी गाळ आम्ही काढतो. रहाटाला तेल मीच घालते.” मला हे ठाऊकच नव्हतं. आम्ही नूतनीकरणाचा दगड लावायच्या गोष्टी करत होतो, आणि घराचा एकच भाग अखंड नांदता होता, तो परक्यांनी नांदवला होता.

वकील म्हणाले, विकण्याआधी पाण्याचा हक्क रजिस्टर करून द्या, मग नवा मालकही बांधील. गृहस्थांनी त्यापायी एक लाख कमी केले. माणशी साडेबारा हजार. चुलतभावानं तोंड वाकडं केलं, पण आत्या “आधी तो कागद, मग माझी सही” म्हणून बसली आणि तिच्या सहीवाचून खरेदीखत होत नव्हतं. चार दिवस वाट पाहून गृहस्थांनी बेत बदलला. त्यांना आता अलिबागला जुनं घर मिळतंय, विहीर बुजवलेलं.

जाहिरात पुन्हा द्यायची ठरली. ‘बारमाही विहीर’च्या पुढे मी ‘(चार घरांच्या पाणीहक्कासह)’ असं घातलं. छोट्या जाहिरातीत शब्दावर पैसे पडतात. खिडकीतल्या माणसानं मोजून जादा आकार सांगितला.

मी मुकाट्यानं भरला. आजोबांनी दिला तेव्हा शब्द फुकट होता.