प्रतिपक्षाची चर्चा

कोलकात्याच्या फुटबॉलप्रेमी मंडळींत एक विलक्षण गोष्ट दृष्टीस पडते. मोहन बागान (स्थापना १८८९) व ईस्ट बंगाल (१९२०) यांचे चाहते स्वपक्षाविषयी जितके बोलतात, त्याहून काकणभर अधिकच प्रतिपक्षाविषयी बोलतात. त्याचा प्रशिक्षक, त्याचा लाल-सोनेरी वा हिरवा-किरमिजी पोशाख, त्याचे खेळाडू, इतकेच काय, विजयदिनी त्याच्या घरी शिजणारी कोळंबी वा हिलसा, सारेच चर्चेस येते. (मासळीचा हा अभिमान आमच्या गोमंतकीय वाचकांस सहज उमगेल!) पुराणिक जिला विरोधभक्ती म्हणतात ती हीच काय, असा प्रश्न आम्हांस पडतो; कंसासही अष्टौप्रहर कृष्णच दिसत असे.

पण ही चर्चा न्यायाची असते काय? १९७५ च्या आय. एफ. ए. शील्डच्या अंतिम सामन्यात ईस्ट बंगालने मोहन बागानास ५-० असे लोळविले. विजयी संघाचे प्रशिक्षक पी. के. बॅनर्जी पुढल्याच वर्षी मोहन बागानकडे गेले. माणूस तोच, विद्याही तीच. मग तंबू बदलताच गुणांचे दोष कसे होतात? थट्टेतला हा अन्याय आम्ही खुशाल सोडून देऊ. एवढाही पक्षपात नसेल तर मैदानावर जाण्यात रस तो कोणता? परंतु १६ ऑगस्ट १९८० रोजी ईडन गार्डन्सवर याच दोन संघांच्या सामन्यात दंगल उसळून सोळा प्रेक्षक प्राणांस मुकले. पोशाखाची निंदा करता करता तो घालणाराच निंद्य ठरतो, तो क्षण बोलणाऱ्यास बहुधा कळतच नाही.

१८ ऑगस्ट २०२४ रोजीचा या संघांचा सामना रद्द झाला, तेव्हा एका तरुण डॉक्टर स्त्रीच्या हत्येबद्दल न्याय मागण्यास दोन्हीकडचे लोक एकाच रस्त्यावर उभे राहिले. आपापले रंग त्यांनी अंगावरून उतरविले नव्हते.