परत आला तर शूर, न आला तर वेडा?

एखादा मनुष्य दुसऱ्यांच्या कल्याणासाठी आपला जीव धोक्यात घालतो. तो यशस्वी होऊन परतला तर आपण त्याचा सत्कार करतो. तोच मनुष्य परतला नाही, तर "कोणी सांगितले होते नसते साहस करायला?" असे म्हणून मोकळे होतो. या दोन निकालांपैकी खरा कोणता, याचा विचार करण्यासारखे एक चरित्र अमेरिकेत घडून गेले आहे. ते वाचकांपुढे ठेवावेसे वाटते.

टिम समारस यांचा जन्म १९५७ साली कोलोराडो राज्यात झाला. लहानपणी एका चित्रपटात पाहिलेल्या वादळाने त्यांच्या मनात घर केले. घरातील यंत्रे उघडून ती कशी चालतात हे पाहण्याचा त्यांना नाद होता. महाविद्यालयाची पदवी त्यांनी घेतली नाही. तरीही विशीच्या सुमारास ते डेन्व्हरच्या एका संशोधनसंस्थेत नोकरीस लागले आणि पुढे स्फोटांच्या मोजमापात तज्ज्ञ अभियंता म्हणून नावारूपास आले. क्षणार्धात होऊन जाणाऱ्या प्रचंड धक्क्याची नोंद कशी घ्यावी, हे त्यांचे शास्त्र. हेच शास्त्र त्यांनी टॉर्नेडोला लावले.

कोकणच्या किनाऱ्यावर येणारे चक्रीवादळ आपल्या वडीलधाऱ्यांच्या परिचयाचे. ते शेकडो मैल पसरते आणि त्याची चाहूल एकदोन दिवस आधी लागते. टॉर्नेडो मात्र गर्जणाऱ्या मेघातून जमिनीपर्यंत उतरलेला वाऱ्याचा फिरता खांब असतो. तो बहुधा काही मिनिटेच टिकतो आणि सूचनेलाही मोजकीच मिनिटे मिळतात. २२ मे २०११ रोजी मिसुरीतील जॉप्लिन या एकाच शहरात अशा वादळाने दीडशेहून अधिक माणसे मारली. घरे आणि तळघरे किती मजबूत बांधावीत हे ठरवायचे, तर वादळाच्या पोटात जमिनीलगत काय घडते ते कळले पाहिजे. रडारला दुरून वरचा वारा दिसतो; घराच्या भिंतीला भिडणारा वारा त्याच्या नजरेत नीट येत नाही. १९८० च्या दशकात सरकारी शास्त्रज्ञांनी पिंपाएवढे जड उपकरण वादळाच्या वाटेत ठेवण्याचा प्रयत्न केला, पण वादळाचा गाभा काही त्यावरून गेला नाही.

समारस यांनी कासवाच्या पाठीसारखे बसके, सुमारे वीस किलो वजनाचे पोलादी उपकरण बनविले. वारा जितका जोराचा, तितके ते जमिनीला घट्ट चिकटून राहील, अशी त्याची घडण. २४ जून २००३ रोजी दक्षिण डाकोटातील मँचेस्टर या लहानशा गावाजवळ त्यांनी ते वादळाच्या अगदी पुढ्यात ठेवले आणि ते निसटले. वादळ उपकरणावरून गेले. त्यात हवेचा दाब १०० मिलिबार उतरल्याची नोंद झाली. म्हणजे क्षणात एक किलोमीटर उंचीवर जाऊन पोहोचावे तसे. अशी नोंद पूर्वी कोणाला मिळाली नव्हती. त्यांचे सर्वत्र कौतुक झाले.

पुढे दहा वर्षांनी, ३१ मे २०१३ रोजी, ओक्लाहोमातील एल रेनो येथे ते आपला चोवीस वर्षांचा मुलगा पॉल व सहकारी कार्ल यंग यांच्यासह एका साध्या मोटारीत होते. त्या दिवशीचा टॉर्नेडो ४.२ किलोमीटर रुंद झाला. इतका रुंद टॉर्नेडो त्यापूर्वी कधी नोंदला गेला नव्हता. त्याने एकाएकी दिशा बदलली, वेग वाढविला, आणि तिघेही मृत्युमुखी पडले.

विशेष हे की, समारस हे या क्षेत्रातील सावध मनुष्य म्हणून ओळखले जात. तेव्हा "उतावळेपणाने गेले" असे म्हणण्याची सोय नाही. आता विचार करा: २००३ चा धोका आणि २०१३ चा धोका यांत मूलतः फरक काय? दोन्ही वेळा हेतू ज्ञानाचाच, आणि दोन्ही वेळा वादळ पुढे काय करील हे कोणालाच सांगता येत नव्हते. फरक पडला तो वादळाच्या वळणाने, आणि ते वळण मनुष्याच्या हाती नव्हते. जे हाती नाही त्यावरून मनुष्याच्या कृत्याला बरे-वाईट ठरविणे न्यायाचे नाही. म्हणून दोन्ही दिवसांना एकच माप लावले पाहिजे.

ते माप कोणते? माझ्या मते तीन प्रश्न विचारावेत. पहिला, जे हवे ते दुसऱ्या मार्गाने मिळते काय? एल रेनोच्याच दिवशी फिरत्या रडारने दुरून ताशी सुमारे ४८० किलोमीटरचा वारा मोजला. पण जमिनीलगतचे ज्ञान त्यातून पुरते मिळत नाही. म्हणजे समारस यांचे काम निरर्थक नव्हते. दुसरा, आपली सावधगिरी कशावर आधारली आहे? अनुभव हा होऊन गेलेल्या वादळांचा असतो. आजवर न पाहिलेल्या वादळासाठी अनुभवाने सांगितलेल्या अंतरापेक्षा अधिक अंतर राखावे लागते. तिसरा प्रश्न सर्वांत अवघड: सोबत कोण आहे? मुलगा सज्ञान होता आणि आपल्या इच्छेने गेला होता, हे मान्य. परंतु ज्याच्याकडे आदराने पाहतो त्या वडिलांना "आता परत फिरू या" असे ऐन वेळी म्हणणे मुलाला कितपत जमते? स्वतःचा जीव पणाला लावण्याचा अधिकार मनुष्याला असेलही. पण आपल्यावर ज्यांचा विश्वास आहे त्यांच्या जिवासाठी माप अधिक कडक असले पाहिजे. नेत्याने स्वतःच आधी सांगून ठेवावे की, तुमच्यापैकी एकानेही "पुरे" म्हटले तर गाडी वळेल.

या प्रकरणी आपणही अलिप्त नाही. अशा पाठलागाची दृश्ये आपण घरबसल्या चवीने पाहतो. जो जवळ जातो त्याला टाळ्या मिळतात; जो वेळीच मागे वळतो त्याचे चित्र कोणी दाखवीत नाही. एल रेनोच्या रस्त्यांवर त्या संध्याकाळी पळणाऱ्या रहिवाशांबरोबर हौशी पाठलाग करणाऱ्यांचीही गर्दी होती. ती गर्दी कोणाच्या टाळ्यांवर पोसली, हे प्रत्येकाने आपल्या मनाशी पाहावे.

समारस यांना मी वेडे म्हणणार नाही. त्यांनी आणलेल्या नोंदी शास्त्राच्या कामी आल्या आहेत. मात्र २००३ साली त्यांचे कौतुक झाले, तेव्हाच हे तीन प्रश्नही कोणी मोठ्याने विचारायला हवे होते. आपल्या घरातील एखादा मुलगा किंवा मुलगी धाडसाचे काम करून सुखरूप परत येईल, तेव्हा त्यांना जरूर शाबासकी द्यावी. आणि त्याच बैठकीत हेही विचारावे की, वारा उलट फिरला असता तर तू काय करणार होतास?