वजनामागची संख्या

तांब्याच्या तारेचे वेटोळे सिल्व्हर नायट्रेटच्या नितळ द्रावणात सोडले, की पाहता पाहता तारेवर राखाडी लव उगवते, तिला बारीक फांद्या फुटतात, फांद्यांवर चांदी चमकू लागते आणि भोवतीचे रंगहीन पाणी निळे होत जाते. तांबे द्रावणात उतरते, चांदी बाहेर येते. ६३.५ ग्रॅम तांबे असे विरघळून गेले, तर त्याच्या जागी सुमारे २१६ ग्रॅम चांदी हाती लागते. केवळ वजन पाहणाऱ्याला ही देवघेव विषम वाटेल. पण तांब्याचा प्रत्येक अणू दोन इलेक्ट्रॉन देऊन जातो आणि चांदीच्या प्रत्येक आयनाला एकच हवा असतो. एकास दोन, एवढाच त्यांचा करार, आणि तो तराजूला कधीच दिसत नाही.

तो दिसावा म्हणून मोल. एक मोल तांबे ६३.५ ग्रॅम भरते, एक मोल चांदी १०७.९ ग्रॅम, कण मात्र दोहोंत सारखेच, ६०२ वर एकवीस शून्ये इतके. दहा ग्रॅम सिल्व्हर नायट्रेटसमोर दहा ग्रॅम तांबे ठेवले, तर त्यातले दोन ग्रॅमही खर्ची पडत नाही. बाकीचे तांबे जोडीदाराअभावी तसेच उरते. पारडी समतोल असूनही एक बाजू इतकी अपुरी असू शकते, हे मला आजही अस्वस्थ करते. दोघांना एकाच मापाने मोजणे म्हणजे न्याय, असे आपण किती सहज धरून चालतो! इथे मात्र ज्याचे त्याचे माप ज्याला त्याला दिल्यावाचून तुलनाच सुरू होत नाही.

समान तापमान आणि दाब असताना वायूंच्या समान आकारमानांत रेणूही समान असतात, हे अ‍ॅव्होगाड्रो यांनी १८११ मध्ये मांडले. ते किती, हे त्यांना ठाऊक नव्हते. १८५६ मध्ये ते गेले आणि त्यानंतर चार वर्षांनी, कार्ल्सरूहच्या परिषदेत, कान्निझारो यांनी त्यांचा विचार रसायनशास्त्रज्ञांपुढे पुन्हा ठेवला. विचाराला त्याचा काळ भेटेपर्यंत विचारवंताचे आयुष्य पुरतेच असे नाही.

पण मला अधिक खिळवून ठेवतात ते ओस्टवाल्ड. मोल ही संज्ञा रसायनशास्त्रात रुजवणाऱ्या या माणसाचा अणूंच्या अस्तित्वावरच विश्वास नव्हता. ज्या संख्येमुळे त्या मापाला अर्थ येतो ती बाजूला सारून, निव्वळ ग्रॅमांच्या भाषेत ते मोल वापरत राहिले. द्रवात तरंगणाऱ्या सूक्ष्म कणांच्या अविश्रांत हालचालींवरून पेरँ यांनी ती संख्या काढून दाखवली, तेव्हा कुठे, १९०९ च्या सुमारास, ओस्टवाल्ड यांनी अणू मान्य केले. त्यांचे हिशेब मात्र त्याआधीही बरोबरच येत होते.