दुसऱ्या गल्लीत करा

“काम चांगलंच आहे हो, पण आमच्या इमारतीत नको.” अनाथ, घर सुटलेल्या किंवा बालगृहातून बाहेर पडलेल्या तरुणांसाठी कोणी भाड्याने जागा बघायला निघालं, की सोसायटीच्या बैठकीत हे वाक्य हमखास कानावर पडतं. पाठोपाठ बाकीचे प्रश्न येतात. पोरं कुठली, कोणाची? रात्री किती वाजता येणार? आमच्या मुलींचं काय? आणि शेवटी, जरा आवाज खाली आणून, फ्लॅटचे भाव पडले तर? धान्य आणि कपडे द्यायला पुढे आलेले हात पत्त्याची गोष्ट निघाली की आखडतात.

पनवेल तालुक्यात गव्हाणच्या परिसरात हा प्रश्न उद्या उभा राहिला तर नवल नाही. १२ जानेवारी २०२४ला अटल सेतूचं उद्घाटन झालं आणि खारकोपरच्या पुढे उरणपर्यंत लोकलही त्याच दिवशी सुरू झाली. ८ ऑक्टोबर २०२५ला नवी मुंबई विमानतळाचं उद्घाटन झालं. काम तिथे तरुण हात येणारच, आणि त्यातल्या काहींच्या पाठीशी घर नसणार. पण इथल्या जुन्या रहिवाशांचा संशयही समजून घ्यायला हवा. १९७०मध्ये नवी मुंबई वसवणारी सिडको स्थापन झाली आणि पुढे या पट्ट्यातली शेती, मिठागरं शहराच्या आराखड्यात गेली. १६ आणि १७ जानेवारी १९८४ला याच जमिनींसाठी झालेल्या जासईच्या आंदोलनात पाच जणांनी प्राण दिले. ज्यांच्या जमिनीबाबत इतरांनीच निर्णय घेतले, त्यांनी ‘आम्हाला विचारल्याशिवाय गावात काही आणू नका’ म्हणणं वावगं नाही. शेजारच्या उलव्यात वीस वर्षांचं कर्ज काढून घर घेतलेल्याची धास्ती वेगळी आहे. त्याची आयुष्यभराची कमाई त्या भिंतींत अडकलेली असते.

मुळात ही पोरं कोण? बालगृहात वाढलेल्या मुलाला वयाची अठरा वर्षं पूर्ण झाली की बाहेर पडावं लागतं. गोव्यातल्या अनाथाश्रमात वाढलेल्या अमृता करवंदे अशाच अठराव्या वर्षी पुण्यात आल्या आणि पहिली रात्र त्यांनी रेल्वे स्टेशनवर काढली. पुढे स्पर्धा परीक्षेत त्यांची वाट कागदपत्रांनी अडवली. त्यांनी पाठपुरावा केला आणि २०१८मध्ये राज्य सरकारने अनाथांसाठी एक टक्का आरक्षण ठेवलं. नोकरीचं दार असं किलकिलं झालं, तरी राहायचं कुठे हा प्रश्न उरतोच. २०१५च्या बाल न्याय अधिनियमात अठरा ते एकवीस वर्षांच्या अशा तरुणांसाठी अनुरक्षणाची, म्हणजे बालगृहानंतरच्या आधाराची, तरतूद आहे. मात्र अनुरक्षण गृह कुठल्या गल्लीत काढायचं, हे कायदा सांगत नाही.

गाव बिथरतं तेव्हा काय होतं, ते लातूर जिल्ह्यातल्या हासेगावने पाहिलं आहे. रवी बापटले यांनी तिथे २००७मध्ये एचआयव्हीबाधित मुलांसाठी ‘सेवालय’ सुरू केलं. २००९मध्ये त्यातली काही मुलं जिल्हा परिषदेच्या शाळेत बसू लागली, तेव्हा पालकांनी आपली मुलं शाळेतून काढून घेतली. शेजारी बसल्याने हा विषाणू लागत नाही, हे डॉक्टर सांगत होते. भीतीला ते ऐकू जात नव्हतं. सेवालय मात्र हललं नाही. मुलं मोठी झाली आणि अठरा ओलांडलेल्यांसाठी तिथेच ‘हॅपी इंडियन व्हिलेज’ उभं राहिलं. त्याची इंग्रजी आद्याक्षरं पुन्हा एचआयव्ही अशीच होतात. हा खोडसाळपणा मुद्दाम केलेला आहे.

तरीही शेजाऱ्यांच्या सगळ्याच शंका अडाणीपणात ढकलून चालणार नाही. २०११मध्ये याच पनवेल तालुक्यातल्या गतिमंद मुलींच्या एका निवासगृहातले भीषण अत्याचार बाहेर आले. मुंबई उच्च न्यायालयाने नेमलेल्या समितीने ते चव्हाट्यावर आणले, आणि २०१३मध्ये सत्र न्यायालयाने संस्थाचालकाला दोषी ठरवलं. म्हणजे ‘संस्था’ या शब्दावर आंधळा विश्वास ठेवू नये, हे पनवेलकरांना कोणी शिकवायला नको. पण या प्रकरणात बळी कोण होतं? आतल्या मुली. धोका बाहेरच्यांना नव्हता, बंद दाराआड राहणाऱ्यांना होता. असं घर गावकुसाबाहेर, डोंगराच्या कडेला ढकललं तर ते दार आणखी घट्ट बंद होतं. दुकानदार, रिक्षावाला, खालच्या मजल्यावरच्या काकू यांची रोजची नजर कुठल्याही तपासणी पथकापेक्षा जास्त वेळ जागी असते.

एकत्र राहण्याचा हा वाद महाराष्ट्राला नवा नाही. कर्मवीर भाऊराव पाटलांनी १९२४मध्ये साताऱ्यात बोर्डिंग काढलं आणि सगळ्या जातींची मुलं एका पंगतीत बसवली, तेव्हा नाकं मुरडणारे होतेच. मुलांच्या जेवणासाठी लक्ष्मीबाईंनी अंगावरचे दागिने मोडले. भाऊरावांच्याच रयत शिक्षण संस्थेची शाळा आज गव्हाणमध्ये आहे. ज्या बोर्डिंगातल्या पोरांबद्दल कुजबुज व्हायची, त्यांच्या संस्थेत मुलाला प्रवेश मिळावा म्हणून आता पालक धडपडतात.

असा वाद कोर्टातही गेला आहे. अमेरिकेत टेक्ससमधल्या क्लीबर्न शहराने बौद्धिक अक्षमता असलेल्यांच्या एका घराला परवानगी नाकारली होती. १९८५मध्ये तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने ती नकारघंटा रद्द केली. शेजाऱ्यांची नावड आणि निराधार भीती ही परवानगी नाकारण्याची कारणं होऊ शकत नाहीत, असा त्या निकालाचा गाभा होता.

निराधार आणि साधार यांत फरक मात्र करावाच लागतो, आणि ते काम सभेतच होऊ शकतं. नोंदणी कोणाकडे आहे? एका खोलीत किती जण? रात्री जबाबदार माणूस कोण? मुलं शिकतात की कामाला जातात? तक्रार कोणाकडे करायची, आणि आतल्या मुलाने करायची झाली तर कोणाकडे? एवढं विचारण्याचा शेजाऱ्यांना पुरेपूर हक्क आहे. ‘कोणाची पोरं?’ हा प्रश्न मात्र त्या यादीत बसत नाही. बालगृहातल्या मुलाची ओळख उघड करणं कायद्यानेच गुन्हा आहे. गावपातळीवर सरपंचांच्या अध्यक्षतेखाली ग्राम बाल संरक्षण समितीची सोय आहे. निवाऱ्याचा प्रस्ताव आला, तर हो-नाहीचं मतदान घेण्याआधी या समितीने संस्थाचालकांना समोर बसवून ही यादी वाचावी. उत्तरं समाधानकारक नसतील, तर नकार देताना कारण लिहावं. समाधानकारक असतील, तर दर महिन्याला त्या घरात चक्कर मारायला समितीतलं कोण जाणार, हे त्याच बैठकीत ठरवून टाकावं.