उघडे शस्त्र, झाकलेले शस्त्र

अमेरिकेतील पेन्सिल्व्हानिया आणि न्यू जर्सी या दोन राज्यांच्या सरहद्दीवरून डेलावेअर नदी वाहते. फिलाडेल्फियाहून पूल ओलांडला की पलीकडे कॅम्डन लागते, आणि वाटेत कोणी झडती घेत नाही की कागद विचारीत नाही. तरीही सदऱ्याखाली पिस्तूल बाळगून हा पूल ओलांडणाऱ्या मनुष्याच्या बाबतीत नदीच्या मध्यावर मोठे स्थित्यंतर घडून येते: पश्चिम तीरावर जो आपल्या राज्याचा रीतसर परवाना खिशात असलेला, कायदा पाळणारा नागरिक होता, तोच पूर्व तीरावर, कोणास बोटही न लावता, गंभीर गुन्ह्याचा आरोपी ठरतो, कारण न्यू जर्सी इतर कोणत्याही राज्याचा परवाना मानीत नाही, आणि विनापरवाना पिस्तूल बाळगल्यास तेथे सामान्यतः किमान 42 महिने पॅरोलविना कारावास भोगावा लागतो. 1986 च्या केंद्रीय कायद्याने प्रवाशाला थोडे संरक्षण दिले आहे खरे; पण ते अशा प्रवाशाला, की ज्याचे शस्त्र रिकामे आहे, गाडीत हाताच्या टप्प्याबाहेर ठेवलेले आहे, आणि प्रवासाच्या आरंभी व शेवटी, दोन्ही ठिकाणी, जो ते बाळगण्यास मुखत्यार आहे.

एडिसन वा जर्सी सिटीकडे स्थायिक झालेल्या आपल्या मराठी कुटुंबांनाही ही हकीकत अगदीच परकी नाही. नोकरीच्या तात्पुरत्या व्हिसावर गेलेल्या परदेशी नागरिकाला केंद्रीय कायदा, शिकारीचा परवाना असण्यासारखे काही अपवाद सोडले तर, बंदूक जवळ ठेवूच देत नाही. ग्रीन कार्ड हाती आले की ही बंदी उठते, आणि मग राज्याराज्यांच्या कायद्यांचे सारे जंजाळ त्याच्याही वाट्याला येते. हे जंजाळ वरवर पाहणाऱ्यास निव्वळ अव्यवस्था वाटते. मला मात्र त्या सर्वांच्या मुळाशी राज्यसंस्थेइतकाच जुना एक प्रश्न दिसतो: अमुक मनुष्य विश्वासास पात्र आहे किंवा नाही हे कोणी ठरवावे, कशावरून ठरवावे, आणि ठरविणाऱ्याने त्याचा जाब कोणास द्यावा?

शस्त्रे बाळगण्याच्या हक्काची दुसरी घटनादुरुस्ती 1791 मध्ये अंमलात आली. परंतु ती राज्यांनाही बंधनकारक आहे असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने दिला तो शिकागो शहराविरुद्धच्या खटल्यात, थेट 2010 मध्ये. मधली दोन शतके प्रत्येक राज्य आपापल्या रीतीरिवाजांनुसार आणि भयांनुसार कायदे करीत गेले. या कायद्यांचा आरंभ जेथे झाला तेथील नीतिकल्पना आजच्या वाचकास चकित करील. केंटकी आणि लुइझियाना यांनी 1813 मध्ये शस्त्र झाकून बाळगण्यास मनाई केली. उघडपणे बाळगण्यास केली नाही. ज्याच्या कमरेचे पिस्तूल चारचौघांस दिसते तो आपला हेतू लपवीत नाही, समोरच्यास सावध होण्याची संधी देतो. आणि जो ते अंगरख्याखाली दडवितो त्याच्या मनात घात आहे, अशी त्या दक्षिणी समाजाची धारणा होती. जॉर्जियाच्या सर्वोच्च न्यायालयाने 1846 मध्ये हाच भेद प्रमाण मानून झाकलेल्या शस्त्रावरील बंदी उचलून धरली आणि उघड्या शस्त्रावरील बंदी रद्द ठरविली. आज हा न्याय जवळजवळ उलटा झाला आहे: वाणसामानाच्या दुकानात कमरेला उघडे पिस्तूल लावून कोणी शिरला तर इतर गिऱ्हाइके बिचकतात, आणि तेच शस्त्र सदऱ्याखाली असले तर ते शिष्टसंमत ठरते. या उलथापालथीत वर्णद्वेषाचाही हात होता हे दृष्टीआड करून चालणार नाही. कॅलिफोर्नियात भरलेले शस्त्र उघडपणे बाळगण्यास मनाई झाली ती 1967 मध्ये, ब्लॅक पँथर संघटनेचे कृष्णवर्णीय तरुण बंदुका घेऊन ओकलंडच्या पोलिसांवर पहारा ठेवू लागले आणि पुढे सॅक्रामेंटोच्या विधानभवनात शिरले तेव्हा. आणि त्या कायद्यावर सही केली ती गव्हर्नर रोनाल्ड रेगन यांनी.

झाकलेल्या शस्त्रासाठी परवाना, आणि तो देणे न देणे अधिकाऱ्याच्या मर्जीवर, ही पद्धत न्यूयॉर्कने रूढ केली. 1911 मध्ये टॅमनी हॉल या राजकीय संघटनेचे पुढारी टिमोथी सलिव्हन यांच्या नावाने ओळखला जाणारा कायदा तेथे झाला. 1913 मध्ये त्यात अशी तरतूद आली की, शस्त्र झाकून बाळगू इच्छिणाऱ्याने तसे सबळ कारण दाखवावे. आता कारण सबळ आहे किंवा नाही हे ज्याने ठरवायचे, त्याच्या दृष्टीस कोणाचे भय खरे दिसेल आणि कोणाचे दिसणार नाही, याची कल्पना करण्याची आवश्यकता नाही. इतिहासाने त्याचे उत्तर दिलेले आहे. अॅलाबामातील माँटगोमेरी येथे 1956 च्या जानेवारीत मार्टिन ल्यूथर किंग यांच्या घरावर बाँब पडला. आत त्यांची पत्नी आणि तान्ही मुलगी होती. त्यानंतर किंग यांनी शस्त्र बाळगण्याच्या परवान्यासाठी अर्ज केला, आणि तो नामंजूर झाला. ज्या मनुष्याच्या ओसरीवर बाँब फुटला त्याच्यापाशी सबळ कारण नाही असे म्हणणारी पद्धत कागदावर कितीही विवेकी दिसली तरी ती विवेकाची नव्हे, मर्जीची पद्धत होय.

आपणांस हे समजावयास अमेरिकेपर्यंत जाण्याचेही प्रयोजन नाही. लॉर्ड लिटनच्या अमदानीत 1878 चा शस्त्रकायदा झाला तेव्हा युरोपियनांना त्याच्या जाचातून मोकळे ठेवण्यात आले, आणि एतद्देशीयाला परवाना हवा असल्यास त्याने कलेक्टरच्या दारी आपल्या राजनिष्ठेची आणि मालमत्तेची रुजवात घालावी असा प्रघात पडला. म्हणूनच स्वतंत्र भारताच्या 1959 च्या कायद्यातील चौदावे कलम मला मोलाचे वाटते: अर्जदारापाशी पुरेशी मालमत्ता नाही एवढ्याच सबबीवर परवाना नाकारता कामा नये असे त्यात स्पष्ट म्हटले आहे, आणि नकाराची कारणे लेखी नमूद करावीत असा सर्वसाधारण दंडकही त्यात आहे. अंमलबजावणी कशी होते हा निराळा विषय. पण त्या कलमाचा मजकूर लिहिणाऱ्यांना कलेक्टरच्या कचेरीची पायरी ठाऊक होती.

अमेरिकेत या मर्जीविरुद्धची मोठी लाट फ्लोरिडातून उठली. 1987 मध्ये त्या राज्याने असे ठरविले की, कायद्यात लिहिलेल्या अटी जो पूर्ण करील त्याला परवाना द्यावाच लागेल. अधिकाऱ्याने आपली पसंती-नापसंती मध्ये आणू नये. पुढे हे काम तेथे कृषिखात्याकडे गेले आणि परवाना हा दरबारी कृपेचा विषय न राहता दप्तरी कामाचा झाला. बहुतेक राज्यांनी हीच वाट धरली. 2022 च्या जूनमध्ये सर्वोच्च न्यायालयाने 6 विरुद्ध 3 मतांनी न्यूयॉर्कची सबळ कारणाची अट घटनाबाह्य ठरविली, तेव्हा तशी पद्धत केवळ सहा राज्यांत आणि राजधानी वॉशिंग्टन येथे उरली होती. या निर्णयातील इतिहासमीमांसा मला एकांगी वाटते. परंतु बोटांचे ठसे, पूर्वचारित्र्याची तपासणी आणि शस्त्रशिक्षण या निश्चित अटी त्याने मोडीत काढल्या नाहीत, ही गोष्ट त्याच्या टीकाकारांनी आणि समर्थकांनीही पुरेशी ध्यानी घेतलेली नाही.

माझा आक्षेप आहे तो त्यापुढच्या, परवानाच उठविण्याच्या पावलावर. व्हरमाँट राज्याने असा परवाना कधीच मागितला नाही. रटलंड शहराने नगराध्यक्षाची अथवा पोलीसप्रमुखाची परवानगी सक्तीची करून पाहिली, तेव्हा 1903 मध्ये तेथील न्यायालयाने तो नियमच रद्द केला. विरळ वस्तीच्या त्या डोंगराळ मुलखाचा हा अपवाद अलास्काने 2003 मध्ये आणि ॲरिझोनाने 2010 मध्ये उचलला, आणि 2024 अखेर एकोणतीस राज्यांत परवान्याची सक्ती उरलेली नाही. अधिकाऱ्याची मर्जी जुलमी होती म्हणून ती काढणे न्याय्यच होते. पण मर्जीबरोबर तपासणी आणि शिक्षण हीही काढून टाकणे हा त्या जुलमावरील उपाय नव्हे. इलिनॉयमध्ये परवान्यापूर्वी 16 तासांचे शिक्षण घ्यावे लागते, टेक्ससमध्ये चार ते सहा तासांचे आणि नेमबाजीची परीक्षा. गर्दीत गोळी कोणत्या क्षणी झाडू नये हे मनुष्याला जेथे सांगितले जाते, अशी हीच एक जागा असते.

टेक्ससने 2021 मध्ये परवान्याची सक्ती उठविली. पण सरकारने सोडलेला भार नाहीसा झाला नाही. तो दुकानदाराच्या दारावर येऊन पडला. आपल्या दुकानात परवानाधारकाने झाकलेले पिस्तूल आणू नये असे ज्याला वाटते त्याने कायद्याने नेमून दिलेला मजकूर, शब्द न बदलता, इंग्रजी व स्पॅनिश अशा दोन्ही भाषांत, पार्श्वभूमीहून वेगळ्या उठून दिसणाऱ्या रंगात, किमान एक इंच उंचीच्या अक्षरांनी, लोकांस स्पष्ट दिसेल असा लावावा लागतो. उघड्या शस्त्रासाठी पाटी निराळी, परवाना नसलेल्यासाठी मजकूर निराळा. ज्या ठिकाणी 51 टक्के किंवा त्याहून अधिक उत्पन्न तेथेच प्यायल्या जाणाऱ्या मद्याचे, तेथे तांबड्या अक्षरांची आणखी एक. हॉटेलवाल्याला आपली काच पुसताना कोणती पाटी राहिली याची काळजी वाहावी लागते, आणि जी काळजी एका शिकलेल्या अंमलदाराने वर्षानुवर्षे वाहिली ती हजारो अनभिज्ञ दारांवर विखुरली जाते.

आणि तरीही, व्हरमाँट सोडल्यास, परवाना त्या राज्यांतून नाहीसा झालेला नाही. शेजारचे राज्य मान देते तो कागदाला, म्हणून परमुलखात जाणारे लोक तो आजही काढतात. शिवाय 1990 मध्ये झालेला आणि 1996 मध्ये सुधारलेला एक केंद्रीय कायदा शाळेपासून 1000 फुटांच्या आत बंदूक नेण्यास मनाई करतो. त्यातून सूट मिळते ती प्रामुख्याने त्याच राज्याचा परवाना ज्याच्यापाशी आहे त्याला. या राज्यांच्या कायदेमंडळांनी नागरिकाला काहीही विचारायचे नाही असे ठरविले खरे, पण त्यांच्या शहरांतून शाळेजवळून न जाणारा रस्ता सहसा सापडत नाही, आणि त्या रस्त्यावरून झाकलेले शस्त्र घेऊन बिनधास्त जायचे असेल, तर त्या नागरिकाला अर्ज, ठसे आणि तपासणी यांसाठी जुन्याच खिडकीशी रांग लावावी लागते.